घर पाहावे बांधून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठी संसाराच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती उच्चारताना तिच्या अर्थाकडे लक्ष देण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. तथापि ज्या कोणा अनुभवी गृहस्थाने ती प्रथम उच्चारली असेल, त्याने घर आणि लग्न ह्या दोनच गोष्टी एकत्र का गोवल्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दोन्हींचा खर्च आधी मांडलेल्या हिशेबात कधी बसत नाही. दोन्हींमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मत घरधन्याच्या मतापेक्षा वजनदार ठरते. आणि दोन्हींपायी काढलेले कर्ज पुष्कळदा पुढच्या पिढीला फेडावे लागते. शहरातील कुटुंबास घराचा खर्च म्हटला की भाडे, अनामत रक्कम किंवा बँकेचा मासिक हप्ता एवढेच आठवते. परंतु ज्या मुलखात घर बहुधा विकत घेतले जात नाही, राहणाराच ते बांधतो, तेथे हा हिशेब कसा मांडला जातो हे पाहिले, तर शहरवासियांच्याही अनेक समजुती तपासून निघतील.

असा एक मुलूख म्हणजे वैनगंगेच्या काठचा मार्कंड्याचा परिसर. पूर्वी हा सर्व प्रदेश चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला, आणि वैनगंगा ही बऱ्याच अंतरापर्यंत दोन जिल्ह्यांमधील सीमा ठरली. चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे दक्षिणेकडे वाहणारी ही नदी वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, आणि त्या वळणावरच प्राचीन शिल्पमंडित मंदिरांचा समूह उभा आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात ह्या मंदिरांचे वर्णन करून त्यांची खजुराहोशी तुलना केली. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. दोन्ही तीरांवरील गावे त्या निमित्ताने एकत्र येतात, आणि देवदर्शन आटोपल्यावर वाळवंटात बसलेल्या मंडळींच्या तोंडी जे विषय असतात त्यांत घर, पैसा आणि राजकारण हे तीन हटकून असतात. हे तीन विषय तेथे वेगळे नाहीतच. ते एकाच प्रश्नाचे तीन पैलू आहेत.

ह्या संभाषणांतून चार मते वारंवार ऐकू येतात. पहिले असे, की हल्ली सरकारच घर देते. दुसरे असे, की मातीचे ते कच्चे आणि सिमेंटचे ते पक्के. तिसरे असे, की कर्जावाचून घर होत नाही आणि कर्ज इथून तिथून सारखेच. चौथे असे, की घरकुलाच्या यादीत नाव लागणे हा सगळा राजकारणाचा खेळ आहे. ह्या चारही मतांत सत्याचा अंश आहे. आणि चारही मते तशीच्या तशी मान्य केली तर संसार अडचणीत आल्याशिवाय राहत नाही.

प्रथम जुन्या घराकडे पाहिले पाहिजे. ह्या भागातील परंपरागत घर म्हणजे लाकडी खांब आणि मयाली, बांबूच्या कुडाच्या अथवा मातीच्या भिंती, वर बांबूच्या कामट्यांवर रचलेली कवेलू, पुढे सपरी आणि मागे गुरांचा गोठा. उन्हाळ्यात अंगणात मांडव घातला की घराची एक खोली वाढली. ह्या घराला पैसा लागत नसे असे म्हणतात. ते खरे नव्हे. त्याला लागणारा पैसा निराळ्या रूपात दिला जाई, एवढेच. लाकूड आणि बांबू निस्तार हक्काने जंगलातून मिळे, माती गावच्याच तळ्याकाठची असे, कवेलू कुंभार भाजून देई आणि त्याचा मोबदला धानात घेई. भिंत उचलावयास भावकी आणि शेजारी येत. आज याच्या घरी, उद्या त्याच्या घरी. म्हणजे घराची किंमत रुपयांत नसून दिवसांत आणि ऋणानुबंधांत मोजली जाई. शिवाय दर वर्षी पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावी लागत, भिंती लिंपाव्या लागत, वाळवी लागलेला खांब बदलावा लागे. हा वार्षिक खर्च घरातील स्त्रियांच्या श्रमाने भागत असल्यामुळे तो कोणत्याच वहीत लिहिला जात नसे.

हे घर हळूहळू महाग होत गेले, आणि ते का महाग झाले हे समजून घेतल्यावाचून सिमेंटचा मोह समजणार नाही. जंगलातील लाकडावरील निर्बंध वाढले. ह्याच जंगलातील सागवान देशभर नावाजलेले. अयोध्येच्या राममंदिरासाठीही २०२३ साली चंद्रपूर–गडचिरोलीतील सागवान वाजतगाजत रवाना झाले. परंतु त्याच जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसास घराची एक मयाल बदलावयाची तर परवानगीचा कागद आधी लागतो. बांबूची कथाही अशीच होती. वनहक्क कायदा २००६ साली झाला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार तेथील ग्रामसभेच्या हाती आला, तेव्हा ती घटना देशभर गाजली. ज्या गावांना असे हक्क मिळाले तेथे बांबू पुन्हा गावाचा झाला. इतरत्र तो बाजाराचाच राहिला. इकडे कुंभाराच्या मुलांनी चाक सोडले, आणि वानरांनी फोडलेली कवेलू भरून काढावयास नवी कवेलू सहजासहजी मिळेनाशी झाली. शेजारीही मजुरीस जाऊ लागला, त्याच्या दिवसाला रुपयांत किंमत आली. ज्या घराचा प्रत्येक घटक पूर्वी पैशावाचून मिळे त्याचा प्रत्येक घटक विकत घ्यावा लागला, तेव्हा मातीचे घर स्वस्त राहिले नाही. ते केवळ गरिबाचे घर म्हणून ओळखले जाऊ लागले.

त्यात निसर्गाची भर पडली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेस आलेल्या महापुराने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काठच्या गावांची दैना केली. मातीची भिंत पाण्यात दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी बसते. २०२१ पासून छत्तीसगडच्या बाजूने आलेल्या रानटी हत्तींचाही उपद्रव जिल्ह्याच्या उत्तर भागास सोसावा लागला. घरात साठविलेल्या धानाच्या आणि मोहाच्या वासाने ते येतात आणि कुडाची भिंत त्यांच्यापुढे टिकत नाही. असे असता ‘पक्के घर हवे’ ही इच्छा केवळ दिखाऊपणाची आहे असे शहरात बसून म्हणणे अन्यायाचे होईल.

आता पहिल्या मताचा विचार करू जाता असे दिसते, की सरकार घर देत नाही, घरासाठी साहाय्य देते. आणि ह्या दोन वाक्यांतील अंतर कुटुंबास स्वतःच्या खिशातून भरावे लागते. ग्रामीण घरबांधणीची इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली. २०१६ साली तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. तिच्यात सपाट प्रदेशासाठी १,२०,००० रुपये आणि डोंगराळ, दुर्गम व विशेष कृती आराखड्यातील जिल्ह्यांसाठी १,३०,००० रुपये असे साहाय्य ठरविण्यात आले. गडचिरोली हा ह्या दुसऱ्या वर्गातील जिल्हा होय. घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट ठरले. जोडीला शौचालयासाठी १२,००० रुपये आणि रोजगार हमीतून ९५ दिवसांची अकुशल मजुरी अशी व्यवस्था होती. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसास ३१२ रुपये होता. त्या हिशेबाने ९५ दिवसांचे २९,६४० रुपये होतात. तिन्ही रकमांची बेरीज १,७१,६४० रुपये.

एखाद्या गवंड्याने साहित्यासह चौरस फुटास १,२०० रुपये सांगितले असे केवळ उदाहरणादाखल धरू. २६९ चौरस फुटांचे ३,२२,८०० रुपये होतील. साहाय्य वजा करता १,५१,१६० रुपयांची तूट राहते. राज्य शासनाने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात घरकुलाच्या साहाय्यात ५०,००० रुपयांची भर जाहीर केली. ती सर्वच्या सर्व हाती आली असे धरले, तरी १,०१,१६० रुपये उरतातच. ज्याचा गवंडी स्वस्त, ज्याच्या घरचे चार हात धडधाकट, त्याची तूट कमी. ज्याच्या गावचा रस्ता पावसाळ्यात बंद होतो आणि ज्याच्या गिट्टीला वाहतूक अधिक पडते, त्याची तूट जास्त. पण तूट नाही असे घर विरळा.

तूट का राहते, ह्याचेही कारण सोपे आहे. साहाय्याची रक्कम २०१६ साली ठरली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी दोन कोटी घरांस मंजुरी दिली तेव्हाही केंद्राच्या योजनेतील दर तेच ठेवण्यात आले. लोखंड, वीट, मजुरी आणि डिझेल मात्र त्या दरापाशी थांबून राहिली नाहीत. सिमेंटावर जुलै २०१७ पासून शेकडा २८ कर होता. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शेकडा १८ झाला. म्हणजे कराआधी १०० रुपयांची असलेली पिशवी १२८ ऐवजी ११८ रुपयांस पडावी. हा फरक स्वागतार्ह खरा. परंतु घराच्या एकूण खर्चात सिमेंट हा एक भाग असल्यामुळे त्याने तूट भरून निघत नाही. आणि गंमत अशी, की चंद्रपूर जिल्ह्यातच चुनखडीच्या खाणी आणि मोठमोठे सिमेंटचे कारखाने आहेत. नदीच्या एका तीरावर सिमेंट तयार होते आणि दुसऱ्या तीरावरील माणूस त्याच्या भावाची चिंता करतो. वस्तू जवळ असणे आणि ती परवडणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

रेतीचेही तसेच. मार्कंड्याच्या घाटावर उभे राहिले तर जिकडे पाहावे तिकडे रेती दिसते. परंतु नदीतील रेती ही शासनाची मालमत्ता; लिलाव झालेला नसेल तर ती उचलणे हा गुन्हा, आणि लिलाव झालेला असेल तर ती बाजारभावाने. २०२५ च्या रेती धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्यास पाच ब्रासपर्यंत रेती विनामूल्य देण्याचे ठरले. तथापि विनामूल्य रेती घाटावर विनामूल्य असते, दारात नव्हे. ट्रॅक्टरचे भाडे, भरण्याची मजुरी आणि परवान्यासाठी बुडालेला दिवस हा तिचा भाव होय. ‘फुकट’ ह्या शब्दाचा हिशेब नेहमी घरापर्यंत आणून मांडावा, हा धडा मार्कंड्याच्या रेतीइतका दुसरीकडे क्वचितच मिळेल.

रकमेइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्वाचा प्रश्न काळाचा आहे; आणि ह्या साऱ्या व्यवहारातील खरा धोका येथेच आहे. साहाय्य एकरकमी मिळत नाही. ते हप्त्यांनी बँकेच्या खात्यात जमा होते. जोते झाले, त्याचे छायाचित्र घेतले गेले, की पुढील हप्ता. भिंती आल्या, की त्यापुढील. आता धानपट्ट्यातील कुटुंबाचे वर्ष कसे चालते ते पाहावे. धान निघते कार्तिक-मार्गशीर्षात. ते आदिवासी विकास महामंडळाच्या अथवा अन्य केंद्रावर दिले की काही दिवसांनी पैसे येतात. २०२५-२६ साठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलास २,३६९ रुपये होती. हा पैसा हाती येताच कुटुंब जुने घर उतरविते, कारण नवे घर बहुधा त्याच जागेवर उभे करावयाचे असते. फाल्गुन-चैत्रात मोह वेचावयाचा, वैशाखात तेंदूपत्ता तोडावयाचा. नेमक्या त्या दिवसांत मजूर मिळत नाही, आणि घरची माणसेही त्या रोख उत्पन्नावर पाणी सोडू शकत नाहीत. मृगाचा पाऊस जूनच्या आरंभी येऊन ठेपतो. मधल्या काळात एखादा हप्ता महिनाभर लांबला, तर जुने घर गेलेले आणि नवे छप्परावाचून उभे, अशा स्थितीत पावसाळा सुरू होतो. मग ताडपत्रीच्या झोपडीत चार महिने काढणे किंवा मिळेल त्या दराने कर्ज घेऊन छत टाकणे, हे दोनच मार्ग उरतात. गावोगावी जी अर्धवट घरे दिसतात, ती आळसाची स्मारके नसून पुष्कळदा चुकलेल्या वेळापत्रकाची फळे असतात. म्हणून अनुभवी कुटुंबे दोन गोष्टी पाळतात. एक, शक्य असेल तर जुन्या घराची निदान एक खोली आणि सपरी शेवटपर्यंत उतरवावयाची नाही. दुसरी, छतापर्यंतचा पैसा दृष्टिपथात आल्यावाचून फाल्गुनानंतर पायव्यास हात घालावयाचा नाही.

येथून तिसऱ्या मताकडे वळता येते. कर्ज इथून तिथून सारखेच, असे म्हणणाऱ्याने कधी व्याज कागदावर मांडलेले नसते. एक लाखाची तूट धरू. महिला बचत गटामार्फत वर्षास शेकडा १२ दराने कर्ज मिळाले, तर पहिल्या वर्षाचे व्याज जास्तीत जास्त १२,००० रुपये. आणि मुद्दल फिटत गेली तसे तेही उतरत जाईल. तीच रक्कम गावातील कोणाकडून ‘शेकडा दोन’ने घेतली, तर दोन हा आकडा बारापेक्षा लहान दिसतो; परंतु हा दर महिन्याचा असतो, म्हणजे वर्षास २४,००० रुपये. शेकडा पाचाने घेतली तर वर्षास ६०,००० रुपये, आणि वीस महिन्यांत मुद्दलाइतके व्याज देऊनही मुद्दल जागच्या जागी. परवान्यावाचून सावकारी करणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये अपराध आहे. पण अपराध ठरलेली गोष्ट बंद झालेली असतेच असे नाही, आणि पाऊस दारात असता कोणी कायद्याचे पुस्तक उघडीत नाही.

ह्याहून सूक्ष्म असा एक मोह आहे. शेतीसाठी तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडल्यास महाराष्ट्रात बिनव्याजी पडावे, अशी शासनाची योजना आहे. घराचा हप्ता लांबला की हात सहज ह्या पैशाकडे जातो. परंतु घर पीक देत नाही. पुढल्या मार्चात ती रक्कम भरता आली नाही, म्हणजे व्याजाची सवलत गेली, खाते थकले, आणि पुढील हंगामास खत-बियाण्यासाठी पुन्हा दारोदार फिरणे आले. एका खात्यातील पैसा दुसऱ्या खात्यात वापरणे ह्यास शहरात हिशेबातील गडबड म्हणतात. खेड्यात त्याचे परिणाम बांधीत दिसतात.

उलटपक्षी, लहान पण नियमित पैशाचे बळ किती असते हेही येथेच पाहावयास मिळते. जुलै २०२४ पासून पात्र स्त्रियांच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये जमा होऊ लागले. वर्षाचे ते १८,००० होतात. ह्या रकमेमागे राजकारण आहे की नाही ह्यावर यात्रेत कितीही वाद घालावा. परंतु ती रक्कम घरखर्चात विरून गेली तर तिचे काहीच उरत नाही, आणि गटाच्या कर्जाचा हप्ता म्हणून लावली तर वरील उदाहरणातील पहिल्या वर्षाचे व्याज भागून काही मुद्दलही फिटते. मात्र शासनाने दिलेली रक्कम शासन कमी-अधिक करू शकते, म्हणून पाच वर्षांचे कर्ज केवळ तिच्या भरवशावर काढणे शहाणपणाचे नव्हे. दारूचाही उल्लेख येथे अपरिहार्य आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदीने दारू खरोखर थांबते का, ह्याविषयी दोन्ही तीरांवर दोन मते आहेत. परंतु ज्या स्त्रियांनी बंदीसाठी वर्षानुवर्षे आवाज उठविला, त्यांचा युक्तिवाद मूलतः घरच्या जमाखर्चाचाच होता: ज्या घरातून रोज पैसा बाहेर जातो, त्या घराची भिंत वर येत नाही.

दुसऱ्या मतातील ‘पक्के’ हा शब्दही तपासला पाहिजे. ह्या भागात वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. जाड मातीची भिंत आणि कवेलूचे छत उष्णता सावकाश आत घेतात. पातळ भिंतीवरील स्लॅब किंवा पत्रा दिवसभर तापून रात्री ती खोलीत सोडतो. म्हणून नव्या घराच्या दारात जुना मांडव पुन्हा उभा राहतो आणि कुटुंब रात्री बाहेर निजते. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९३६ साली गांधीजींसाठी उभारलेली माती, बांबू आणि कवेलूंची कुटी आजही पाहावयास मिळते. कारण तिची निगा दर वर्षी राखली जाते. उलट पाणी न मारलेला, कमी सिमेंटाचा स्लॅब थोड्याच पावसाळ्यांत गळू लागतो. तात्पर्य, पक्केपण हे वस्तूत नसून पायव्यात, कारागिरीत आणि निगराणीत असते. जोते दगड-सिमेंटाचे व पुराच्या रेषेच्या वर, भिंत जाड, छतास पुरेसा उतार आणि पुढे रुंद सपरी, असा जुन्या-नव्याचा मेळ घालणारे घर ह्या हवेस अधिक मानवते. घराची रचना लाभार्थ्याने आपल्या सोयीने निवडावी अशी मुभा योजनेत आहे. पण शेजाऱ्याने जसे बांधले तसेच बांधावयाचे हा समाजाचा नियम त्या मुभेहून बलवत्तर ठरतो.

राहता राहिले राजकारण. घरकुलाच्या याद्या प्रथम २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून झाल्या, नंतर नव्या सर्वेक्षणांतून त्यांत भर पडली. आणि यादी ग्रामसभेपुढे ठेवून तिची छाननी व्हावी असा नियम आहे. अनुसूचित जमातींसाठी शबरी, अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, अशा राज्याच्या स्वतंत्र योजनाही आहेत. ओळखीवाचून नाव लागत नाही असे जे मत आहे, त्याला आधार नाही असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या ग्रामसभेत यादी वाचली जाते त्या सभेस किती कुटुंबे हजर असतात, हा प्रश्न त्या मताच्या पुरस्कर्त्यांनी स्वतःस विचारावा. मेंढा गावाने जे मिळविले ते सभेत बसूनच मिळविले. सभा रिकामी ठेवून यादीबद्दल तक्रार करणे म्हणजे बांधीत पाणी न देता पिकाची वाट पाहण्यासारखे आहे.

यादीपेक्षाही अवघड गाठ जागेची असते. ज्याच्या पायाखालची जमीन त्याच्या नावावर नाही, त्यास घरकुल मंजूर होऊनही उपयोग नाही. कोणी गायरानावर राहतो, कोणी वनजमिनीवर. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून, अनुसूचित क्षेत्रातील वननिवासी कुटुंबांस वस्तीलगतच्या वनक्षेत्रात घर बांधता यावे यासाठी वनहक्क कायद्यात फेरबदल केला, तो ह्याच अडचणीमुळे. चामोर्शी आणि मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची वसाहत झाली, त्यांच्याही कथेत जमिनीचा कागद हाच मुख्य धागा आहे. आणि आता चामोर्शी तालुक्यातच कोनसरी येथे लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे. १ जानेवारी २०२५ रोजी तेथील कामगारांना कंपनीचे समभाग मुख्यमंत्र्यांच्या हस्ते देण्यात आले. जेथे धान, मोह आणि तेंदूपत्ता हीच संपत्तीची रूपे होती, तेथे समभागाचा कागद आला. कारखान्याभोवती परगावचे मजूर आले की खोल्यांना भाडे येऊ लागते आणि रस्त्यालगतच्या जमिनीस भाव चढतो, हा जगातील सर्व औद्योगिक गावांचा अनुभव आहे. ज्याच्यापाशी जागेचा कागद आहे त्यास ही सुबत्ता वाटेल; ज्याच्यापाशी नाही त्यास तीच महागाई वाटेल.

म्हणूनच घरकुल योजनेतील एक तरतूद वरकरणी लहान दिसली तरी मोलाची आहे: घर कुटुंबातील स्त्रीच्या नावे, किंवा पतिपत्नींच्या संयुक्त नावे मंजूर व्हावे, असा संकेत त्यात आहे. ज्या बाईने वर्षानुवर्षे भिंती लिंपल्या आणि जिचे श्रम कोणत्याच वहीत लिहिले गेले नाहीत, तिचे नाव ग्रामपंचायतीच्या नोंदीत लागते. नवऱ्याच्या मागे तिला त्या घरातून बाहेर काढणे मग सोपे राहत नाही. दीड लाखाच्या साहाय्यापेक्षा हा एका ओळीचा कागद कदाचित अधिक टिकाऊ ठरेल. परंतु ती ओळ खरोखर लिहिली गेली की नाही, हे ज्याचे त्याने ग्रामपंचायतीत जाऊन पाहिले पाहिजे.

मार्कंडेयाची कथा सर्वांस ठाऊक आहे. त्याचे आयुष्य सोळा वर्षांचे नेमलेले होते. शिवाच्या आराधनेने तो मृत्यूच्या पाशातून सुटला. त्याच्या नावाने उभ्या असलेल्या दगडी मंदिराला मात्र अशी चिरंजीविता लाभली नाही. वीज पडून त्याचे शिखर ढासळले आणि पुढे गोंड राजवटीत मंडप साध्या खांबांवर सावरला गेला, असे सांगतात. आणि आमच्या काळातही त्याची दुरुस्ती दीर्घकाळ चालत राहिली. दगडाच्या देवालयासही जर दर काही पिढ्यांनी हात लावावा लागतो, तर एका मजूर कुटुंबाचे घर एकदा बांधून कायमचे सुटले, असे मानण्यात अर्थ नाही. दर पावसाळ्यापूर्वी थोडा पैसा आणि थोडे श्रम मागणारी ती एक चालू जबाबदारी आहे. म्हणीतील ‘बांधून’ हा शब्द सर्वांच्या लक्षात राहतो. ‘पाहावे’ ह्या शब्दाकडे मात्र दुर्लक्ष होते. वहीवर पाहावे, कॅलेंडरावर पाहावे, व्याजाच्या कोष्टकात पाहावे आणि ग्रामसभेत बसून पाहावे, मग बांधावे. मार्कंड्याच्या वाळवंटात जितके हे खरे आहे, तितकेच ते मुंबई-पुण्याच्या सोळाव्या मजल्यावरही आहे.